लिपवलंय

म्हाताऱ्याने मला फसवलं. त्याआधी मी त्याला फसवलं होतं, हे खरं आहे, आणि तेही मी सांगणार आहे. पण माझी फसवणूक गप्प बसण्याची होती, त्याची लेखी होती. मी छापखानेवाला आहे. लेखी गोष्टीचं वजन मला कळतं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत माझा छापखाना आहे. दुसऱ्याच्या छापखान्यात रोलर पुसण्यापासून सुरुवात केली, आज मशीन माझ्या नावावर आहे. घासाघीस केल्याशिवाय मी कोणाकडून काही घेत नाही, आणि संतापलो की माझा आवाज समोरच्या गॅरेजपर्यंत जातो. म्हाताऱ्याला या दोन्हीचं काही वाटत नसे. मी ओरडायला लागलो की तो खिशातली जपमाळ काढून मणी सरकवत राही आणि मी थांबलो की म्हणे, "आज फक्त तेरा मणी झाले, शेट. तब्येत बरी नाय काय?"

तो इथल्याच गावठाणातला, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. चर्चला देऊळ म्हणायचा, मारियामातेला सायबीण. नोकरी कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीत केली. जुन्या खटल्यांच्या कागदांना वाळवी लागायच्या आत ते वाचणारा बहुधा तो एकटाच. वाचून वह्यांत उतरवायचा, आणि रिटायर झाल्यावर त्या वह्यांतून कादंबऱ्या लिहायला लागला. ख्रिस्ती रहस्यकथा. सगळ्या जुन्या काळातल्या, सगळ्या इथल्याच गावठाणांतल्या, आणि प्रत्येकीच्या मुळाशी खरोखर घडलेला गुन्हा. विहिरीत ढकललेली नवरी, विष घातलेली ताडी, मिठागरात सापडलेला हात. वर्षाला एक पुस्तक. मी छापायचो आणि तो रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे सामूहिक प्रार्थनेनंतर, चर्चच्या फाटकात घडीचं टेबल टाकून विकायचा.

त्याच्या गोष्टींत फौजदार असे, पण तो कधी काही शोधत नसे. खुनीच शेवटी गुडघे टेकून सगळं सांगून टाकी.

"मग फौजदार ठेवता कशाला?" मी एकदा विचारलं.

"घोड्यावर चांगला दिसतो," म्हातारा म्हणाला. "फौजदार गुन्हेगार शोधतो, रे. मना पापी पाहिजे."

एक नेम त्याने कधी मोडला नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत तो कोणाला मारत नसे. बाकीचे ख्रिस्ती या उपवासकाळात मटण सोडतात, याच्या कादंबरीत खून बंद. लिहायला तो नेमका डिसेंबरात बसायचा, त्यामुळे पुस्तकाच्या मध्यावर उपवासकाळ यायचाच. मग चाळीस-पन्नास पानं काहीच घडत नसे. खुनी सुरा धुऊन ठेवी, मासळी खाई, पश्चात्ताप करी, पुन्हा मासळी खाई. मी ती पानं कापायला बघायचो.

"अंकल, वाचणारा झोपेल."

"झोपू दे. उपासाला झोप बरी."

"कागद माझा आहे."

"आत्मा माझा हाय."

निम्म्यावर तडजोड व्हायची. दर वर्षी.

गोष्टीत ज्याचा खून व्हायचा त्याच्यासाठी तो आधी देवळात मिस्सा ठेवायचा, आणि ज्याने केला त्याच्यासाठीही. फादर एकदा वैतागले. म्हणाले, अंकल, हा माणूस फाशी जाऊन कित्येक पिढ्या झाल्या, आता त्याच्यासाठी प्रार्थना कशाला? म्हातारा म्हणाला, फादर, तिकडे घाई कोणाला हाय?

त्याला एका जागी बसता येत नसे. जागा चालून पाहिल्याशिवाय तो ओळ लिहीत नसे. विहिरीपासून देवळापर्यंत पावलं मोजी आणि रिक्षावाल्यांना थांबवून विचारी, "इथून मुडदा घेऊन पळायचं झालं तर कुठल्या गल्लीनं जाशील?" बहुतेक रिक्षा भाडं न घेताच निघून जायच्या. एकदा मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीला जाताना त्याने बोटवाल्याला विचारलं, मध्यावर एखादा माणूस पडला तर पलीकडे कोणाच्या ध्यानात येईल काय? बोटवाल्याने त्याला उचलून स्कूटरींच्या मधोमध उभं केलं आणि पार उतरेपर्यंत तिथून हलू दिलं नाही.

एवढं सगळं मला आवडायचं, हे मी नाकारत नाही. फसवणारा माणूस आवडता असला की राग जास्त टिकतो.

मी हस्तलिखितं वाचत नाही, पानं मोजतो. पण तीन वर्षांपूर्वी टाइप करणारी मुलगी रजेवर गेली आणि म्हाताऱ्याच्या नव्या कादंबरीची प्रुफं माझ्यासमोर आली. गोष्ट प्लेगच्या सालातली होती. गावठाणातली माणसं माळरानावर झोपड्या टाकून राहायला गेलेली, देऊळ रिकामं, आणि सायबिणीच्या डोक्यावरचा चांदीचा मुकुट नाहीसा झालेला. पकडला गेलेला माणूस म्हणजे देवळाचा राखणदार. सखाराम, राहणार कोकणातल्या अमुक गावचा.

ते अमुक गाव आमचं होतं. सखाराम माझा पणजोबा.

आमच्या घरात त्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत. मुंबईला कामाला गेला, पाद्र्यांच्या देवळात चोरी केली, तुरुंगात मेला, एवढंच ठाऊक. आमच्या गावातल्या देवळात जत्रेला गावाचा मुख्य मानकरी, गावकार, देवापुढे गाऱ्हाणं घालतो, तेव्हा मानाच्या घरांची नावं एकेक करून घेतो. ज्याचं नाव घेतलं त्याने पुढे होऊन नारळ ठेवायचा. आमचं घर तिसरं होतं. सखारामाची बातमी गावात पोचली त्या वर्षी ते वगळलं गेलं. देव दुसऱ्यांचा असला म्हणून काय झालं, देव तो देव, असं गावकाराचं म्हणणं. आजही दुसरं नाव घेतल्यावर गावकार एक श्वास घेतो आणि एकदम चौथ्यावर जातो. माझे वडील गिरणीत राबले, दर वर्षी नारळ घेऊन गेले आणि तो श्वास ऐकून परत आले. आता आई जाते. पंच्याऐंशी वय आहे तिचं. नारळ पदराखाली धरून उभी राहते.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, "अंकल, हा माझा पणजोबा."

तो आधीच उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"मी दर वर्षी त्याच्या नावानं मिस्सा ठेवतो," तो म्हणाला.

"तो हिंदू होता."

"मग? फादर आडनाव विचारत नाय." आणि मग म्हणाला, "त्यानं चोरी केली नाय. मना ठाव हाय."

वही काढली. त्यात सखारामाची जबानी होती, कोर्टाच्या कागदावरून जशीच्या तशी उतरवलेली. दोनच वाक्यं. 'मुकुट मियां लिपवलंय. चोरूक नाय.' कोर्टाने त्याचा अर्थ केला, लपवला म्हणजे चोरलाच. कुठे लपवला ते सखाराम सांगेना, म्हणून सजा झाली.

"पण तो लपवला म्हणाला नाय," म्हातारा वहीवर बोट आपटत म्हणाला. "लिपवला म्हणाला. लिंपला. चुन्यात लिंपून टाकला, रे. त्याच आठवड्यात तेव्हाच्या फादरनी स्वतः उभं राहून नाक्यावर प्लेगचा कुरुस बांधून घेतला. मजुरीला हा सखाराम. गाव ओस पडलेलं, चोर फिरतायत, फादर म्हणाले असतील, चौथऱ्यात ठेव आणि लिंप. आठ दिवसांत फादर प्लेगनं गेले. सांगणार कोण? तो अजून तिथेच हाय, शेट. कुरसाच्या पायात."

कुरुस म्हणजे नाक्यावरचा तो जुना क्रूस. त्याचे डोळे चमकत होते. आणि मला त्याच क्षणी कळलं होतं की हे सगळं चूक आहे.

मी मालवणी माणूस. आमच्या भाषेत लिपणं म्हणजे लपणं. लिपवलंय म्हणजे लपवलंय. त्यात चुना नाही आणि थापी नाही. आई घरात हा शब्द दिवसातून दहा वेळा बोलते. कोर्टाने शब्दाचा अर्थ बरोबर लावला होता, चुकला होता तो माझा म्हातारा.

मी म्हणालो, "वा, अंकल."

एवढंच बोललो. ही माझी फसवणूक.

लगेच सौदा केला. उपवासकाळाची सगळी पानं राहतील, एक ओळ कापणार नाही. कागद चांगला, मुखपृष्ठ रंगीत. बदल्यात शेवटच्या प्रकरणात साफ लिहायचं, की सखाराम निर्दोष होता, आणि जबानी शब्दशः छापायची. जत्रेला आई ते पुस्तक गावकारापुढे ठेवेल. छापील शब्दापुढे गावकार काय बोलणार? म्हातारा इतका खूश झाला की मला मनोरीला घेऊन गेला, ओळखीच्या एका म्हाताऱ्या गवंड्याकडे. गवंडी म्हणाला, जुन्या चुन्यात लिंपलेलं कोणाच्या बापाला दिसत नाय. म्हाताऱ्याने ते वाक्य तिथल्या तिथे वहीत घेतलं. मी शेजारी उभा राहून मान डोलावली.

शेवटचं प्रकरण तो नेहमी शेवटी द्यायचा. आधीचे सगळे फर्मे, म्हणजे सोळा सोळा पानांचे छापील भाग, तयार झाले की तो कुमसाराला जायचा. कुमसार म्हणजे फादरपुढे पापं सांगणं. वर्षभर मेलेल्या माणसांच्या तोंडी खोटे शब्द घातलेत, ते धुऊन आल्याशिवाय शेवट लिहवत नाही म्हणायचा.

फर्मे तयार झाले. कुमसाराच्या आधी त्याला सखारामाच्या घरच्यांना भेटायचं होतं. मी टाळत होतो. तो एका रविवारी मिस्सा संपवून सरळ अंधेरीला आमच्या घरीच आला. आईला वाटलं पाद्री आहे. तिने त्याला नमस्कार केला, घावणे वाढले. तो सखारामाविषयी विचारत होता आणि ती उत्तर देता देता सारखी खिडकीतून खाली बघत होती.

"काय शोधता, बाय?" त्याने विचारलं.

"मांजर व्यालीसा. पिल्लां खय लिपयल्यान काय म्हायत नाय. सकाळपासून सोदतंय."

म्हाताऱ्याचा हात ताटात थांबला. "काय केलं मांजरीनं?"

"लिपयल्यान."

"लिंपली?"

आई हसली. "मांजर काय गवंडी आसा, बाबा? लिपयल्यान. लपवल्यान, लपवल्यान."

म्हाताऱ्याने आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी घावण्याचा तुकडा मोडत बसलो होतो.

जिन्यात तो म्हणाला, "इतकी वर्षं तुमच्या लोकांत काढली. पण तुम्ही माझ्याशी बोलताना पुस्तकातलं बोलता. एकानं तरी घरातलं बोलायचं होतं." दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबला. "तुला तर पहिल्याच दिवशी ठाव होतं."

पुढच्या शनिवारी तो कुमसाराला गेला आणि सोमवारी शेवटचं प्रकरण माझ्या टेबलावर ठेवलं. चार पानं. त्यात लिहिलं होतं, की या एका शब्दाचे दोन गावांत दोन अर्थ होतात. सखारामाने मुकुट का लपवला आणि कुठे, हे त्याला आणि देवाला ठाऊक. लिंपला असं मी समजत होतो, ती माझी चूक.

त्या दिवशी गॅरेजवाले बाहेर येऊन उभे राहिले, एवढा माझा आवाज चढला.

"सौदा झाला होता, अंकल."

"झाला होता. पण तू मना खोटा शब्द विकलास."

"मी विकला? अर्थ तुम्ही लावलात. मी फक्त वा म्हणालो."

"तेच."

"तुमच्या सगळ्या पुस्तकांत खुनी शेवटच्या पानावर गुडघे टेकतो. खरे खुनी टेकतात?"

"नाय टेकत."

"मग तिथे खोटं चालतं?"

"तिथं मी गोष्ट सांगतोय हे वाचणाऱ्याला ठाव असतं, रे. हे पुस्तक तुझी आय देवळात नेणार. देवापुढं ठेवणार. तिच्या पदरात मी कसं घालू?"

त्या दिवशी त्याने मणी मोजले नाहीत. मी म्हटलं, "मग चौथरा फोडून बघू. निघाला मुकुट तर फादरच्या समोर लिंपलेला, म्हणजे तुमचं पहिलं म्हणणं खरं. नाही निघाला तर मी गप्प बसतो."

मी त्याला चिडलेला असा एकदाच पाहिला. "त्या कुरसाखाली प्लेगात मेलेल्यांची आठवण हाय. लोक अजून मेणबत्ती लावतात. एका शब्दासाठी कुरुस फोडू?"

"माझ्या घरासाठी."

"मी जिवंत हाय तोवर नाय. मी मेल्यावर बघ."

ही त्याची फसवणूक. शब्द दिला होता तो मागे घेतला, आणि तो खरा ठरवायची एकच वाट होती ती अडवून बसला. खरं कळायची सोय असताना ठाऊक नाही असं लिहिणं, याला मी प्रामाणिकपणा म्हणत नाही. फादर म्हणत असतील.

मी तो शेवटचा फर्मा छापायला नकार दिला. तो दुसरीकडे गेला नाही. "चूक दोघांची हाय, पुस्तक तिथंच पुरं होईल," म्हणाला. दर गुरुवारी यायचा. बसायचा नाही. कोपऱ्यात पडलेल्या न बांधलेल्या फर्म्यांभोवती फिरायचा, वरची धूळ हाताने पुसायचा आणि आईची चौकशी करायचा. मांजरीची पिल्लं सापडली का, असं त्याने कित्येकदा विचारलं. मीटरच्या खोलीत सापडली होती. मी त्याला कधी सांगितलं नाही. रागात.

दोन वर्षं असे गुरुवार गेले. तिसऱ्या वर्षी उपवासकाळात तो गेला. ज्याने चाळीस दिवसांत कधी कागदावर कोणाला मारलं नाही तो त्याच दिवसांत मेला. आई आणि मी मातीला गेलो. आईने एक नारळ नेला होता. तिथे कोणाला काय करावं कळेना, मग तिने तो कुरसाच्या चौथऱ्यावर ठेवला. प्लेगच्या कुरसाच्या. मी उभा राहून त्या चौथऱ्याकडे बघत होतो. वरचा चुना जागोजागी फुगलेला होता.

'मी मेल्यावर बघ.' मी रीतसर परवानगी मागायच्या विचारात होतो. त्याच्या वर्षश्राद्धापर्यंत थांबायचं ठरवलं होतं, एवढी माणुसकी माझ्यात आहे. तेवढ्यात रस्ता रुंद करायचं काम निघालं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. गॅरेजवाल्याने येऊन सांगितलं, शेट, नाक्यावरचा कुरुस हलवतायत. मी चप्पल न घालता रिक्षात बसलो. पोचलो तेव्हा कुरुस गोणपाटात गुंडाळून चर्चच्या आवारात नेलेला, आणि चौथऱ्याच्या जागी खड्डा. वरचा सगळा चुना डंपरमध्ये.

जेसीबीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कुछ नहीं था सेठ. मिट्टी."

समोर मासळी विकणारी बाई बसते. ती म्हणाली, "कायतरी होतं. हेल्मेटवाल्यानं वाकून उचललं, फडक्यात गुंडाळलं नि गाडीत ठेवलं."

"केवढं?"

तिने पापलेटावर दोन्ही तळवे धरून दाखवलं. एवढं.

हेल्मेटवाला म्हणजे कंत्राटदाराचा मुकादम. तो म्हणाला, "फडक्यात माझा जेवणाचा डबा होता."

"खड्ड्यात डबा ठेवता?"

"सावलीला ठेवला होता."

भर दुपारी, उघड्या खड्ड्यात, सावलीला. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्याची बदली दुसऱ्या कामावर झालेली. कंत्राटदार फोन उचलत नाही. देवळाच्या कमिटीवाले म्हणाले, कुरुस सुखरूप आहे, चौथरा नवा बांधून मिळणार आहे. मी म्हटलं, मला नवा नको, जुन्यात काय होतं ते सांगा. एक जण म्हणाला, "तुम्ही तर आपल्या पॅरिशचे नाही ना?"

डंपर जायच्या आधी मी चुन्याचा एक तुकडा उचलून आणला. तळहाताएवढा आहे. एका बाजूने खडबडीत, दुसऱ्या बाजूने आत वळलेला आणि गुळगुळीत. ती कशाची तरी बैठक असेल किंवा नुसती हवा राहिली असेल. मनोरीच्या त्या गवंड्याला दाखवला असता, पण तोही गेला. तुकडा माझ्या टेबलावर प्रुफांवर ठेवलेला असतो. मी काम करता करता त्यावरून अंगठा फिरवतो आणि पुन्हा ओरडायला लागतो. आता मोजणारं कोणी नाही.

काल म्हाताऱ्याची ती चार पानं मी टाइपाला दिली. एक अक्षर बदललेलं नाही. तो फर्मा सोळा पानांचा आहे, त्यामुळे मागे पुष्कळ कोरी पानं राहतायत. मी ती कोरीच ठेवली आहेत. पुस्तक बांधलेलं नाही. जत्रेला दोन महिने आहेत. आईने यंदाही नारळ बघून ठेवलाय. कालच तिने विचारलं, "रे, त्या पाद्र्याचा पुस्तक पुरा झाला काय?" मी म्हटलं, एका माणसाचं उत्तर यायचंय.

ते उत्तर मला पाहिजे. मुकादमाकडून, नाहीतर त्याच्या मालकाकडून, नाहीतर कमिटीतल्या ज्याला माहीत आहे त्याच्याकडून. मुकुट निघाला असेल तर तो देवळाचा आहे, सायबिणीच्या डोक्यावर जाऊ दे. मला त्यातलं काही नको. मला फक्त निघाला एवढं लेखी पाहिजे. निघाला नसेल तर तसं लेखी द्या. तेही मी छापीन, आणि आईला मी स्वतः सांगीन.

सखारामाने लपवलं होतं की लिंपलं होतं, हे त्या चौथऱ्याला ठाऊक होतं. म्हाताऱ्याने तो मरेपर्यंत राखला. मुकादम, कंत्राटदार, कमिटीवाले, तुम्ही तो एका दुपारात फोडलात. आता चौथऱ्याच्या जागी तुम्ही उभे राहा आणि सांगा, फडक्यात काय होतं?